बारा वर्षांच्या मुलाने १९४५ साली काय पाहिलं? डहाणू-तलासरीतल्या उमलत्या वयाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा मानसशास्त्राचा किंवा बालरोगतज्ज्ञांचा विषय आहे, इतिहासवाल्यांनी त्यात कशाला पडावं? दहा ते चौदा या वयात माणसाच्या बाबतीत जे घडतं, त्याचा त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या धोक्यांशी आणि तग धरण्याच्या ताकदीशी काय संबंध असतो, असा हा प्रश्न आहे. आम्हाला वाटतं की त्याचं अर्धं उत्तर तरी इतिहासात आहे. म्हणून आज आपण पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत जाणार आहोत.

सुरुवातीला एक कल्पना करू. ही माणसं काल्पनिक आहेत, पण प्रसंग खरा आहे. २३ मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा भरली आहे. सुमारे पाच हजार माणसं जमली आहेत. त्या गर्दीत एका घरातले तिघं आहेत असं धरू. बाप चाळिशीचा, मोठा मुलगा बारा वर्षांचा आणि आईच्या कडेवरचं पोर तीन वर्षांचं. सभेत ठरतं की आजपासून जमीनदाराकडे फुकट राबायचं नाही. तिघांनीही हेच ऐकलं. पण तिघांच्या आयुष्यात त्याचा अर्थ एकच झाला असेल का?

आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

हे वय म्हणजे नेमकं काय

आधी शास्त्राचं थोडं बोलू, मग परत डहाणूला येऊ. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणते. त्यातला दहा ते चौदा हा पहिला टप्पा. 'किशोरवय' ही वेगळी अवस्था म्हणून अभ्यासाचा विषय झाली ती तशी अलीकडे. १९०४ साली स्टॅनली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, तिथून ही चर्चा जोरात सुरू झाली. हॉलने या वयाला वादळाचं वय ठरवलं. पुढच्या संशोधकांना ते तितकंसं पटलं नाही, पण हे वय वेगळं आहे हे सगळ्यांनी मान्य केलं.

वेगळं का? तीन कारणं सांगतो. पहिलं कारण शरीराचं. पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर वाढीचा इतका मोठा झपाटा पुन्हा येतो तो याच वयात. मुलींची पाळी सुरू होते, लोहाची गरज वाढते. लहानपणी उपासमारीने मागे पडलेल्या शरीराला थोडंफार भरून काढायची ही दुसरी संधी असते. दुसरं कारण मेंदूचं. भावना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी जोडलेले भाग या वयात लवकर जागे होतात. सबुरीचा, पुढचा विचार करणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत सावकाश पक्का होत राहतो. तिसरं कारण आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. साधारण अकरा-बाराव्या वर्षी मूल जे डोळ्यांसमोर नाही त्याचाही विचार करू लागतं. 'असं आहे' याच्या पलीकडे जाऊन 'असं का आहे, वेगळं असू शकेल का' हे विचारू लागतं. आपला बाप गावात कोण आहे, त्याला कोण कसं हाक मारतं, आपण कोण होणार, हे त्याला कळायला लागतं.

आता हे डोक्यात ठेवून डहाणूच्या डोंगरात शिरू.

गुराख्यापासून लग्नगड्यापर्यंत

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पश्चिम रेल्वेच्या रुळाच्या समुद्राकडच्या बाजूला बोर्डी, घोलवड, डहाणू ही बागायती पट्टी लागते. चिकूच्या वाड्या, नारळ, मोठी घरं. रुळाच्या पूर्वेला जसजसं आत जावं तसतसे डोंगर, जंगल आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा यांचे पाडे. २०११च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात सुमारे नव्वद टक्के लोक आदिवासी होते. १९४५ साली हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. तलासरीची गावं तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४चा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथली जमीन हळूहळू वारल्यांच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेली. जंगल सरकारने राखीव केलं. ज्या माणसाच्या आज्याने तीच जमीन कसली होती, तो आता कूळ झाला, आणि नुसतं कूळ नाही तर वेठीचा माणूस. वेठ म्हणजे बोलावणं आलं की जायचं आणि मजुरी मागायची नाही. मुंबईच्या तबेल्यांना आणि घोड्यांना लागणारं गवत इथून जायचं, जंगलातलं लाकूड इथून जायचं. ते कापणारे हात वारल्यांचे होते.

यात दहा-बारा वर्षांच्या मुलाची जागा कुठे होती? गुरांमागे. वारली घरात मुलाने गुरं राखणं ही नवी गोष्ट नव्हती. घरची गुरं राखताना मूल जंगल शिकतं. कुठला कंद खायचा, कुठल्या पाल्याला हात लावायचा नाही, पावसाची चाहूल कशी ओळखायची, हे सगळं तिथेच कळतं. रात्री तारप्यावर नाचायला जायचं, मोठ्यांच्या फेरात उभं राहायचं, हेही याच वयात सुरू होतं. म्हणजे काम होतं, जबाबदारी होती, आणि आपल्या माणसांत मानही होता. पण बाप कर्जात असला की तेच मूल जमीनदाराची गुरं राखायला जायचं. काम तेच, कुरण तेच, काठीही तीच. मोबदला म्हणजे पोटाला थोडं काहीतरी. चुकलं तर मार. आणि आजूबाजूला काय दिसायचं? आपला बाप मालकासमोर वाकून उभा आहे आणि आईला नावाने नाही, शिवीने हाक मारली जाते आहे.

मग मिसरूड फुटलं की लग्नाचा प्रश्न यायचा. वारल्यांत मुलाकडच्यांनी देज द्यायचं, गावाला जेवण घालायचं. पैसा नाही. जमीनदार देतो. आज क्षुल्लक वाटेल इतकी ती रक्कम. तिच्या बदल्यात नवरा आणि त्याची बायको, दोघंही मालकाकडे राबायची. हिशोब मालकाच्या वहीत, आणि वही वाचता येणारा मालकच. ते कर्ज जन्मभर फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांचा अहवाल तयार केला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. म्हणजे सरकारला ती माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

या साखळीकडे नीट पाहा. लग्नगडी हा लग्नाच्या दिवशी एकाएकी होत नसे. त्याची तयारी आधी पाच-सात वर्षं कुरणावर झालेली असायची. ज्या वयात 'वेगळं असू शकेल का' हा प्रश्न पडायला लागतो, नेमक्या त्याच वयात त्याला रोज उत्तर मिळायचं, की नाही, असू शकत नाही. पुढे कागदावर अंगठा उठवताना हात अडखळत नसे तो यामुळे. धोका त्या मुलात नव्हता, त्याच्या वयातही नव्हता. त्या वयाची नवी ताकद कोण, कुठल्या अटीवर वापरतो, यात धोका होता.

झरी, मे १९४५

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव भागातले काही वारली गेले होते. त्यांच्यातल्या माह्या धांगडा यांनी सभेपुढे आपल्या मुलखाची हकिगत सांगितली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले, पाड्यापाड्यांत फिरले. गोदावरीबाई पुण्यात वाढलेल्या, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या. पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे दिवस लिहिले. १९७० साली ते पुस्तक आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

२३ मेच्या झरीच्या सभेत वेठ बंद करण्याचा आणि मजुरी रोख घेण्याचा निर्णय झाला. पुढच्या काही आठवड्यांत वारली गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या वाड्यांतून बाहेर बोलावलं. गवत कापणीच्या दराचा संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं त्यात मेले. या लढ्याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. त्यातल्या राजकारणाबद्दल, पद्धतींबद्दल वाद झाले, परुळेकरांवर हद्दपारीचे हुकूम निघाले. तो वाद आजचा विषय नाही. पण वेठ आणि लग्नगडी या दोन गोष्टींचं कंबरडं त्या वर्षी मोडलं, हे कुणी नाकारत नाही.

आता आपल्या त्या तिघांकडे परत येऊ. बापाच्या अंगात चाळीस वर्षांची भीती मुरलेली. तो सभेला आला, त्याने हात वर केला, पण मालक समोर दिसला तर पाठ आपोआप वाकत असणार. तीन वर्षांच्या पोराला काहीच आठवणार नाही. तो वेठ नसलेल्या जगातच मोठा होईल आणि म्हातारे सांगतील त्या गोष्टी ऐकेल. बारा वर्षांच्या मुलाने मात्र दोन्ही पाहिलं. परवापर्यंत वाकलेला बाप पाहिला आणि आज शंभर माणसांबरोबर मालकाच्या अंगणात ताठ उभा राहिलेला बापही पाहिला. जग असंच असतं हे आणि जग बदलता येतं हेही, त्याला एकाच वर्षात कळलं. तेही अशा वयात, जेव्हा अशा गोष्टी आयुष्यभरासाठी मनात बसतात.

हा आमचा तर्क आहे, पण तो हवेतला नाही. दुसरीकडच्या एका मुलखात अशाच प्रश्नाचा फार बारकाईने अभ्यास झालेला आहे.

ओकलंड, बर्कली आणि कवाई बेट

१९२९नंतर अमेरिकेत महामंदी आली. कॅलिफोर्नियात ओकलंड आणि बर्कली या शेजारच्या शहरांत मुलांच्या दोन गटांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जात होत्या. ओकलंडची मुलं १९२०-२१ची जन्मलेली, बर्कलीची १९२८-२९ची. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने त्या जुन्या नोंदी उघडल्या आणि १९७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मंदी तीच, हलाखी तीच. पण ओकलंडची मुलं त्या वेळी दहा-बाराच्या पुढची होती. त्यांनी पेपर टाकले, दुकानात कामं केली, मुलींनी घर सांभाळलं. घराला आपला उपयोग आहे हे त्यांना जाणवलं. बर्कलीची मुलं तेव्हा अगदी लहान होती. घरातली चिडचिड, बापाचं खचणं त्यांनी पाहिलं, पण करता काहीच येत नव्हतं. पुढे ओकलंडची बरीच मुलं सावरली. बर्कलीच्या, विशेषतः मुलग्यांना त्याचा जास्त त्रास झाला. म्हणजे संकट किती मोठं यासोबत ते कुठल्या वयात आलं आणि त्या वयाला त्यात काय करता आलं, हेही मोजावं लागतं.

दुसरा अभ्यास हवाईमधल्या कवाई बेटावरचा. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. ऊसमळ्यांवर राबणाऱ्यांची बरीच मुलं त्यात होती. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची व्यसनं किंवा आजार अशी एकावर एक संकटं असलेली साधारण एक तृतीयांश मुलं निघाली. त्यांतल्याही एक तृतीयांश मुलांचं पुढे चांगलं झालं. का? एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्या मुलाच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस टिकून होतं. कधी आजी, कधी मावशी, कधी शिक्षक. आणखी एक, ज्या मुलांची गाडी किशोरवयात रुळावरून घसरली होती, त्यांतली बहुतेक चाळिशीपर्यंत सावरली. त्यामुळे 'या वयात बिघडलं की कायमचं बिघडलं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

तेव्हाच, काही कोसांवर

आता परत आपल्याकडे. १९४५ हेच वर्ष. झरीपासून काही कोसांवर, समुद्रकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडक ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करत होत्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, बालशिक्षणात नाव झालेल्या. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ, पस्तीस वर्षांच्या.

अनुताईंचं स्वतःचं उमलतं वय काय होतं, हे या संदर्भात जाणून घेण्यासारखं आहे. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. १९२०च्या दशकातला मध्यमवर्गीय समाज डोळ्यांसमोर आणा. त्या वयातल्या विधवेचं पुढचं आयुष्य ठरल्यासारखं असायचं, माजघराचा कोपरा. पण त्यांचं शिक्षण सुटलं नाही. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, खेड्यात नोकरी केली, पुण्यात नोकरी केली आणि मग बोर्डीला आल्या त्या कायमच्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. १९९२ साली त्या गेल्या, तोवर कोसबाड हेच त्यांचं घर होतं.

ताराबाई-अनुताईंचं नाव आपण बालवाडीशी, अंगणवाडीशी जोडतो. ते बरोबरच आहे, अंगणवाडी ही कल्पनाच त्यांच्या कामातून पुढे आली. पण कोसबाडला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पाड्यावरची थोडी मोठी मुलं शाळेत येतच नाहीत. मुलगे गुरांमागे, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी. अशा वेळी नेहमीची पद्धत काय असते? हजेरीपटावर गैरहजर लिहायचं आणि 'यांना शिक्षणाची गोडी नाही' म्हणायचं. या दोघींनी उलट विचार केला. मूल कुरणावर आहे ना, मग शाळा कुरणावर नेऊ. तीच कुरणशाळा. शिक्षक गुराख्यांच्या मागे जायचे, झाडाखाली बसायचे. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं. दिवसा जमलं नाही तर रात्रीचे वर्ग.

मुलींसाठी विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवायचं आणि ताईने वर्गात बसायचं. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. मुलीला घरची जबाबदारी टाकून ये असं कुणी म्हटलं नाही. जबाबदारी घेऊनच ये, आम्ही जागा करतो, असं म्हटलं.

कुरण तेच होतं, हे लक्षात घ्या. दहा वर्षांपूर्वी ज्या कुरणावर मुलगा जमीनदाराचा गडी व्हायला शिकत होता, त्याच प्रकारच्या कुरणावर आता एक शिक्षक त्याच्या शेजारी बसला होता. काम फार बदललं नव्हतं, त्याच्या अटी बदलल्या होत्या. आणि एक टिकून राहणारं मोठं माणूस तिथे आलं होतं, जे कवाईच्या अभ्यासात पुढे फार वर्षांनी दिसणार होतं.

यातल्या मर्यादाही सांगायला हव्यात. कोसबाडचं काम थोड्या पाड्यांपुरतं राहिलं. कुरणशाळेने गरिबी हटली नाही. दुसरीकडे लाल बावट्याच्या लढ्याने मजुरी आणली, मान आणला, पण पाटी-पुस्तक यायला वेळ लागला. पुढे तलासरीत त्याही प्रवाहातून शाळा, वसतिगृह उभं राहिलं. एक प्रवाह गांधी-माँटेसरीच्या वाटेने आलेला, दुसरा मार्क्सच्या. दोघांचं एकमेकांशी फारसं पटण्यासारखं नव्हतं. पण आज मागे वळून पाहताना आम्हाला वाटतं की बारा वर्षांच्या वारली मुलाला दोन्ही लागत होतं. बापाचा ताठ कणा बघणं आणि आपल्या शेजारी कुणीतरी बसणं.

जिव्या सोमा मशे

एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. जिव्या सोमा मशे. १९३४ साली तलासरी भागातल्या धामणगावला जन्म. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणं बंद झालं. जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचं. अकराव्या वर्षी, म्हणजे झरीच्याच आसपासच्या काळात, ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याला आले.

वारली चित्रं म्हणजे तेव्हा प्रामुख्याने लग्नाचा चौक. पालघट देवी मध्ये, आणि काढणाऱ्या सुवासिनी. पुरुषाने रोज उठून चित्र काढणं ही रीत नव्हती. हा मुलगा काढत राहिला आणि पाड्याने त्याला काढू दिलं. आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते. 'खुळा आहे' म्हणून हात धरला असता तर? १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या भागात आले तेव्हा त्यांना हा माणूस सापडला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. जगभर प्रदर्शनं झाली, पण राहिले गंजाडलाच. मे २०१८मध्ये ते गेले. आज वारली चित्रांवर पोट असलेली कित्येक घरं त्यांचं नाव घेतात.

पण सावध राहायला हवं. एक जिव्या सोमा उभा राहिला म्हणून 'दुःखातूनच माणूस घडतो' असं म्हणायचं नाही. त्याच वयात आई गेलेली, न बोलणारी आणखी किती मुलं असतील ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. चिवटपणाच्या गोष्टी सांगताना वाचलेल्यांचीच गोष्ट सांगितली जाते, हा इतिहासातला जुना दोष आहे.

आश्रमशाळा, उचल आणि चौदावं वर्ष

१९७०च्या दशकापासून या भागात सरकारी आणि अनुदानित आश्रमशाळांचं जाळं पसरलं. दोन वेळचं जेवण, राहायची सोय, दहावी-बारावीपर्यंत शिक्षण. आज या भागातून शिक्षक, परिचारिका, तलाठी, पोलीस झालेल्यांना विचारा, बहुतेकांच्या गोष्टीत आश्रमशाळा आहे. हे श्रेय द्यायलाच हवं. पण तिची किंमतही आहे. सहा-सात वर्षांचं मूल घरापासून दूर. घरात वारली बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. मुलीला पहिली पाळी येते तेव्हा आई नाही, आजी नाही. रात्री ताप भरला तर उठवायचं कुणाला? शेकडो मुलांमागे एक अधीक्षक, एक अधीक्षिका, दोन-चार कामाठी. जिथे अधीक्षिका मनाने आईसारखी असते तिथे मुली टिकतात. जिथे ते पद रिकामं असतं किंवा माणूस दर वर्षी बदलतो, तिथे मुली सुट्टीला जातात त्या परत येत नाहीत. कवाईचा धडा इथे सरकारी पदांच्या भाषेत वाचावा लागतो.

आणि मग चौदावं वर्ष. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, आठवीपर्यंत. बालमजुरीचा कायदा चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी करतो. चौदाच्या पुढे धोक्याची कामं सोडून बाकी कामं उघडी होतात. म्हणजे ज्या वर्षी मुलाला सगळ्यात जास्त आधार लागतो, त्याच वर्षी कायद्याचे दोन्ही हात एकदम सैल होतात. बाहेर काय आहे? वापी-उंबरगावचे कारखाने, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाश्याचं काम. आणि या कामांपैकी अनेकांत उचल. आधी पैसे घ्यायचे, मग हंगामभर फेडायचे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. लग्नगडी हा शब्द आज तरुणांना समजावून सांगावा लागतो. उचल हा शब्द मात्र कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणणार नाही. आजचा मजूर हंगाम संपला की मोकळा होऊ शकतो, दुसरीकडे जाऊ शकतो. पण कोवळ्या वयाच्या हातात आधी पैसा आणि मग हिशोब, ही रीत ओळखीची आहे.

शेवटची गोष्ट. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचा परिसर त्याचं केंद्र. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. थंडीत माणसं घराबाहेर, तंबूंत झोपली. शाळा उघड्यावर भरल्या. ते निवळतंय तोवर मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, आश्रमशाळा रिकाम्या झाल्या, मुलं पाड्यावर परतली. २०१८ साली जी मुलं अकरा वर्षांची होती, त्यांचं सगळं उमलतं वय हलत्या जमिनीवर आणि बंद शाळेत गेलं. ओकलंडची मुलं ती होतील की बर्कलीची? ते त्या धक्क्यांच्या तीव्रतेवरून कळणार नाही. तंबूत, पाड्यावर, त्या दोन वर्षांत त्यांच्या शेजारी कोण होतं, त्यांना काही करायला मिळालं की नुसतं बघत बसावं लागलं, यावरून कळेल. ही मुलं आता तरुण झाली आहेत. त्यांना विचारायला उशीर झालेला नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, 'म्हणजे मुलांनी काम करावं असं तुमचं म्हणणं आहे का?' प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं. घरच्या गुरांमागे जाणारं, रोपणीला आईबरोबर चिखलात उतरणारं मूल आणि उचलीपोटी भट्टीवर विटा वाहणारं मूल, दोघंही काम करतात. पहिल्याला संध्याकाळी घरी मान आहे, दुसऱ्या दिवशी शाळा आहे, थकलं तर नाही म्हणता येतं. दुसऱ्याला यातलं काही नाही. 'मूल काम करतं का' एवढाच प्रश्न विचारला तर पहिल्याला आपण उगाच दोषी ठरवतो आणि दुसऱ्याची खरी अडचण दिसतच नाही. विचारायचं ते हे की अटी कुणाच्या, नाही म्हणायची मोकळीक आहे का, आणि जवळ टिकून राहणारं मोठं माणूस आहे का.

जाता जाता एक विनंती. १९४५ साली जी मुलं बारा वर्षांची होती, ती आज असली तर नव्वदीच्या घरात आहेत. झरीच्या पुढाऱ्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या. त्या सभेत मागे, झाडावर चढून बसलेल्या पोरांच्या फारशा लिहिल्या गेल्या नाहीत. डहाणू-तलासरीतून जे कुणी आम्हाला ऐकत असतील, त्यांनी आपल्या पाड्यावर असा एखादा आजा, एखादी आजी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसावं. लढ्यात काय झालं हे नंतर विचारा. आधी विचारा की तेव्हा तुम्ही कुणाची गुरं राखत होता, आणि त्या दिवशी घरी परत आल्यावर बाप काय म्हणाला.